उन्हाचा हिशेब

मैत्रिणींनो, हिशेबाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवायला नको. दूधवाल्याने कोणत्या दिवशी दांडी मारली त्याची फुली कॅलेंडरवर असते. गॅसचं सिलिंडर कोणत्या तारखेला लावलं, किती दिवस पुरलं, हे तोंडपाठ असतं. बचत गटाच्या वहीत पाच रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत आपल्याला झोप लागत नाही. पण घराच्या गच्चीवर, शाळेच्या पत्र्यावर, समाजमंदिराच्या छतावर जे निळंकाळं सोलर पॅनल बसलंय, ते रोज किती वीज देतं, असं विचारा बरं! "देते की, लाईट लागते नं," एवढंच उत्तर येतं. आणि ज्या दिवशी लाईट लागत नाही, त्या दिवशी "सोलर खराब झालं" म्हणून आपण मोकळ्या होतो.

ऊन फुकट आहे, पण ते साठवायची बॅटरी फुकट नाही. पाच-सहा हजारांची बॅटरी दीड वर्षात बसली, तर ते फुकटचं ऊन किती महाग पडलं याचा विचार आपण करतच नाही. म्हणून आज जरा वेगळा विषय. सोलरचं चार्जिंग मोजणारं एक छोटं यंत्र घरच्या घरी कसं करता येतं, आणि ते केल्याने आमच्या एका अभ्यासिकेचा अंधार कसा गेला, ते सांगायचंय.

ऊन आपल्या दारचं

आपल्या वाशीम जिल्ह्यात बाकी कशाची कमतरता असेल, उन्हाची नाही. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या घरात जातो. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवतात ना? खेड्यांत दहा-दहा, बारा-बारा तास लाईट नसायची. पोरांच्या दहावीच्या परीक्षा कंदिलावर आणि मेणबत्तीवर झाल्या. तेव्हा सोलरचा दिवा म्हणजे अप्रूप होतं. आता चित्र बदललंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'पीएम सूर्य घर मोफत वीज योजना' सुरू केली. त्यात एक किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरलं. शेतात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून पॅनल उभे राहिले. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याची वाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून गाजली.

म्हणजे सोलर आता आपल्या घरातली वस्तू झाली, मिक्सर-फ्रीजसारखी. मग तिच्याबद्दलची दोन अक्षरं आपल्याला कळायला नकोत का?

अभ्यासिकेची गोष्ट

मानोरा तालुक्यातल्या एका गावात आमच्या बचत गटांनी मिळून मुलींसाठी अभ्यासिका काढली. गावातल्या आणि शेजारच्या तांड्यावरच्या मुली तिथे संध्याकाळी बसतात. कुणी दहावीची, कुणी बारावीची, दोघी-तिघी पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या. घरी धाकटी भावंडं, टीव्ही, पाहुणे-रावळे. मुलीच्या जातीला "थोडं पाणी आण, थोडी भाकर टाक" हे असतंच. अभ्यासिकेतले ते तीन तास मात्र हक्काचे. सात ते दहा.

लाईट गेली तरी अभ्यास थांबू नये म्हणून देणगीतून एक सोलर संच बसवला होता. चाळीस वॅटचं पॅनल, बारा व्होल्टची चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी, मध्ये एक चार्ज कंट्रोलर, पाच-पाच वॅटचे दोन एलईडी दिवे आणि एक छोटा पंखा. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग दिवे साडेआठलाच मंद व्हायला लागले. पुढे पुढे तर आठलाच बंद. अंधारात मुलींना थांबवणार कसं? आईबापांनी पाठवणं कमी केलं. वीसमधल्या सात-आठच उरल्या.

संच बसवणाऱ्याला बोलावलं. त्याने कंट्रोलरवरचा हिरवा दिवा दाखवला. "चार्जिंग फुल आहे बघा. बॅटरीच गेली. नवी टाका, सहा हजार लागतील." झालं! महिन्याला पन्नास-शंभर रुपये टाकणाऱ्या बायकांसमोर सहा हजारांचा आकडा. मिटिंगमध्ये एक मावशी स्पष्टच बोलल्या, "ताई, हे सोलर म्हंजे नुसता देखावा हाय. पयसे गेले पाण्यात. आता अजून काहून टाकाव?" त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या घामाचे पैसे होते.

पण माझ्या मनात एक प्रश्न राहिला. बॅटरी गेली हे त्या माणसाने ठरवलं कशावरून? त्याने काही मोजलं तर नव्हतं. डॉक्टर नाडी न बघता ऑपरेशन सांगायला लागला, तर आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातोच ना?

टाकी, तोटी आणि हंडा

मी बी.ए. झालेली. व्होल्ट-अँपिअर हे शब्द दहावीनंतर कधी भेटलेच नव्हते. तालुक्याच्या गावातल्या अकरावीच्या दोन मुली मदतीला आल्या. त्यांच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून २०१६ पासून शाळाशाळांत या प्रयोगशाळा सुरू झाल्या. सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हाताने काहीतरी बनवावं, हा त्यामागचा हेतू. या पोरींनी मला नळाच्या भाषेत समजावलं आणि लगेच डोक्यात बसलं.

पाण्याची टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर. तो जोर म्हणजे व्होल्ट. तोटीतून किती जाड धार पडते, ते अँपिअर. जोर आणि धार यांचा गुणाकार म्हणजे वॅट. आणि ती धार अमुक तास चालू ठेवल्यावर हंडा किती भरला, ते अँपिअर-तास. दोन अँपिअरची धार पाच तास चालली तर हंड्यात दहा अँपिअर-तास वीज पडली. इतकं सोपं!

आता बॅटरीची नाडी. बारा व्होल्टची आपली साधी शिसे-आम्लाची बॅटरी पूर्ण भरून तास-दोन तास निवांत राहिली की १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उरली. ११.८ म्हणजे रिकामी. ऊन असताना, चार्जिंग चालू असताना हाच आकडा १४.४ पर्यंत चढतो. त्यामुळे दुपारचा आकडा बघून "भरली" म्हणायचं नाही. उकळी आलेलं दूध वर येतं म्हणून पातेलं भरलेलं असतं का? खाली बसल्यावर किती आहे ते खरं.

आणखी एक. ही बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करायची नसते. निम्मी वापरावी, निम्मी राहू द्यावी. वारंवार अर्धपोटी राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर कडक थर धरतो आणि तिची साठवायची ताकद कायमची घटते. माणसासारखंच आहे हो, रोज उपाशी ठेवलं की अंगात बळ कुठून राहणार?

मीटर कसं बनवलं

मुलींनी ठरवलं, दोन गोष्टी मोजायच्या. बॅटरीचे व्होल्ट आणि पॅनलकडून येणारे अँपिअर. सामान असं लागलं :

• आर्डुइनो उनो नावाची तळहाताएवढी पाटी. हा एक चिमुकला संगणकच. इटलीतल्या इव्हरेआ गावात २००५ च्या सुमारास विद्यार्थ्यांना परवडावी म्हणून ही तयार झाली. तिची रचना सगळ्यांसाठी खुली ठेवल्यामुळे ती जगभर स्वस्तात मिळते.
• व्होल्ट मोजायचा छोटा सेन्सर, पंचवीस व्होल्टपर्यंतचा.
• अँपिअर मोजायचा सेन्सर, पाच अँपिअरचा. त्याचं नाव एसीएस ७१२.
• दोन ओळींचा एलसीडी पडदा.
• बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करणारं बक कन्व्हर्टर.
• दहा अँपिअरचा फ्यूज, थोड्या वायरी आणि एक प्लॅस्टिकचा डबा.

सगळं मिळून साधारण हजार-बाराशेच्या आत बसतं. डबा तर आमच्या घरातलाच होता, जुन्या मसाल्याचा.

आता गंमत बघा. आर्डुइनोला पाच व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही आणि बॅटरी जाते चौदा व्होल्टवर. मग मोजायचं कसं? व्होल्टच्या सेन्सरमध्ये दोन रेझिस्टर असतात, एक तीस हजार ओहमचा आणि एक साडेसात हजार ओहमचा. त्यातून व्होल्टेजचा पाचवा हिस्सा तेवढा पुढे जातो. चौदाचे २.८ होतात. आर्डुइनो ते मोजून परत पाचने गुणतं. तिखट मिरची खाऊन बघायची तर आपण टोकच चाखतो ना, तसं.

अँपिअरचा सेन्सर पॅनलकडून कंट्रोलरला येणाऱ्या अधिकच्या, म्हणजे लाल वायरमध्ये जोडतात. वायर मधून तोडून दोन टोकं सेन्सरला लावायची, म्हणजे सगळी धार त्याच्यातूनच जाते. धार शून्य असली की तो अडीच व्होल्ट सांगतो. एकेका अँपिअरला त्यात १८५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. हा सेन्सर जरा चंचल आहे, आकडा नाचवतो. म्हणून मुलींनी प्रोग्रॅममध्ये पन्नास वेळा मोजून सरासरी काढायला सांगितलं.

पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडद्यावर १२.९ आले आणि अडीचशे-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरवर १२.६. मुली घाबरल्या नाहीत. आर्डुइनोला आपण पाच व्होल्ट देतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात ते ४.९ किंवा ५.१ असू शकतात. त्यावर त्याचा सगळा हिशेब उभा असतो. मल्टिमीटरशी ताडून प्रोग्रॅममधला आकडा बदलला आणि दोन्ही जुळले. किराणा दुकानाचा काटा आपण घरच्या एक किलोच्या पुड्याने तपासतो, तसंच हे.

हिरवा दिवा खोटं बोलला

मीटर अभ्यासिकेच्या भिंतीवर लागलं. शेजारी सुतळीला वही आणि पेन. सकाळी दहा, दुपारी एक, दुपारी चार, रात्री दहा आणि पहाटे पाच अशा पाच नोंदी. सकाळच्या आणि दुपारच्या शेजारच्या घरातल्या आजी घ्यायच्या. आजींना वाचता येत नाही, पण आकडे कळतात. पडद्यावर दिसतं तसं त्या वहीत काढून ठेवायच्या.

पहिल्याच दिवशी कोडं. साडेदहाला लख्ख ऊन, आणि पॅनलची धार फक्त ०.३ अँपिअर. कंट्रोलरवर हिरवा दिवा, "भरलं" म्हणून सांगणारा. कंट्रोलरच्या टोकाशी १४.३ व्होल्ट. मग त्यांच्यातली एक मुलगी मल्टिमीटर घेऊन बॅटरीपाशी गेली आणि थेट बॅटरीच्या खुंट्यांवर मोजलं. फक्त १३ व्होल्ट! कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यात हातभर वायर. एवढ्यात सव्वा-दीड व्होल्ट गेले कुठे?

खुंटीवरची टोपी काढली तर आत हिरवट-पांढरी बुरशीसारखी खर धरलेली. आम्लाच्या वाफेने होते ती. त्या खरेमुळे वीज अडत होती. कंट्रोलर बिचारा स्वतःच्या टोकाशी मोजतो. त्याला वाटलं बॅटरी भरली, म्हणून त्याने चार्जिंग आखडतं घेतलं. नळीला गाठ पडली, इकडे जोर वाढला आणि हंडा रिकामाच राहिला.

गरम पाण्यात खायचा सोडा घालून, हातमोजे घालून, टोपीसकट खुंटी साफ केली. कोरडी करून घट्ट आवळली, वरून व्हॅसलीनचा हात फिरवला. दुसऱ्या दिवशी अकराला धार १.४ अँपिअर. मग शिडी लावून पॅनल पुसलं. सोयाबीन काढणीच्या दिवसांत मळणी यंत्राचा भुस्सा गावभर उडतो, त्याचा जाड थर बसला होता. धार १.८ झाली.

पण दुपारी दोननंतर पुन्हा अर्ध्या अँपिअरवर. वहीत तीन दिवस सलग तेच. वर जाऊन पाहिलं तर कडुनिंबाची एक फांदी. सावली पॅनलच्या एका कोपऱ्यावरच पडत होती. आपल्याला वाटतं, कोपराच तर आहे, थोडं कमी होईल. पण पॅनलमधले छत्तीस घट एकामागे एक माळेसारखे ओवलेले असतात. एकावर सावली पडली की सगळ्या माळेची धार अडते. झाड तोडायचा विषयच नव्हता. पॅनल आठ फूट सरकवलं, तोंड दक्षिणेला आणि उतार साधारण वीस अंशांचा ठेवला. वाशीम वीस अक्षांशावर आहे, म्हणून वीस. धार दोन अँपिअर!

रात्रीची चोरी

इथवर सगळं विज्ञान. आता खरी गोष्ट.

धार सुधारली तरी एक नोंद खटकत होती. रात्री दहाला दिवे बंद करताना बॅटरी १२.४ आणि पहाटे पाचला १२.१. दिवे बंद, पंखा बंद, मग वीज गेली कुठे? शोध घेतल्यावर कळलं, रात्री किल्ली ज्यांच्याकडे असते, ती तरुण पोरं तिथे मोबाईल चार्जिंगला लावतात. चार-चार, पाच-पाच.

"मोबाईलले किती लाईट लागते? त्यानं काय होते?" असं ते म्हणाले. पूर्वी इथेच विषय संपला असता, कारण आपल्याकडे बोलायला काही नसतं. या वेळी वही होती. मुलीने फळ्यावर गणित मांडलं. दोन दिवे पाच-पाच वॅटचे, चार तास, म्हणजे चाळीस. बारा वॅटचा पंखा चार तास, म्हणजे अठ्ठेचाळीस. एकूण अठ्ठ्याऐंशी वॅट-तास. आजकालचा एक मोबाईल पूर्ण भरायला, वाया जाणारी धरून, वीस-पंचवीस वॅट-तास घेतो. म्हणजे चार मोबाईल बरोबर सगळ्या मुलींची एक रात्र.

मिटिंगमध्ये शांतता पसरली. ज्या मावशी सोलरला देखावा म्हणाल्या होत्या, त्याच उठल्या. "पोराहो, मोबाईल लावा, पण दुपारी बारा ते तीन. तेव्हा बॅटरी भरेल असते. रातची लाईट पोरींची हाय." नियम ठरला. भांडण नाही, तंटा नाही. कुणाच्या घरच्या मुलाला बोललं म्हणून कुणी रुसलं नाही. आकडा कुणाच्या बाजूचा नसतो, म्हणून तो सगळ्यांनी मानला.

बॅटरी पहिल्यासारखी तरुण झाली असं मी म्हणणार नाही. वर्षभर अर्धपोटी राहिल्याने तिची ताकद घटलीच होती. पण दोन दिवे आणि पंखा दहा वाजेपर्यंत चालू लागले. सहा हजारांचा खर्च लगेच करावा लागला नाही. गटाने महिन्याला थोडे थोडे बाजूला काढायला सुरुवात केली, म्हणजे पुढे नवी घ्यायची वेळ येईल तेव्हा कुणापुढे हात पसरायला नको. आणि मुली परत आल्या.

आपल्या आधी चाललेल्या बायका

तुम्ही म्हणाल, ही मीटर-बिटरची कामं बायकांची का? मग ॲना मणी हे नाव लक्षात ठेवा. केरळातल्या पीरमेड इथे १९१८ मध्ये जन्मलेल्या या बाई भौतिकशास्त्रज्ञ होत्या. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर संशोधन केलं, पण एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट मिळाली नाही. १९४८ मध्ये त्या आपल्या पुण्याला, हवामान खात्यात उपकरणांच्या विभागात आल्या. तेव्हा साधी हवामानाची उपकरणंही परदेशातून यायची. ती इथेच बनावीत म्हणून त्या झटल्या. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशात ऊन मोजणारी केंद्रं उभी केली. भारतात कुठे किती ऊन पडतं, याची आकडेवारी सांगणारे त्यांचे ग्रंथ १९८० आणि १९८१ मध्ये निघाले. आज सोलरचे मोठमोठे प्रकल्प उभे राहतात, त्याच्या पायाशी हे मोजमाप आहे. आपल्या देशाचं ऊन मोजायला शिकवलं ते एका बाईने, हे किती जणींना माहीत आहे?

पुणे जिल्ह्यातच पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचं, ही त्यांची पद्धत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेबाहेर जगात ज्या पहिल्या फॅब लॅब सुरू झाल्या, त्यातली एक २००२ मध्ये या पाबळमध्ये झाली. खेड्यातली मुलं-मुली तिथे यंत्रं बनवायला शिकली.

मुंबईच्या आयआयटीने २०१४ पासून शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौरदिव्यांचा उपक्रम केला. महाराष्ट्रासह चार राज्यांत हे दिवे गावातल्याच लोकांना शिकवून जोडून घेतले. पुढच्या टप्प्यात बचत गटांच्या बायकांनी सोल्डरिंगची गन हातात घेतली. राजस्थानात डुंगरपूरच्या आदिवासी बायकांनी तर पॅनल बनवायची स्वतःची कंपनी काढली. त्याच राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफुट कॉलेजमध्ये आफ्रिकेतल्या खेड्यांतून आलेल्या, शाळेचं तोंड फारसं न पाहिलेल्या आज्या रंगांच्या खुणांवरून सर्किट जोडायला शिकल्या आणि आपापल्या गावी दिवे लावायला परतल्या. मग आपण तर वही-पेन चालवणाऱ्या!

करून बघणार असाल तर

एकदम आर्डुइनो नको वाटत असेल तर मल्टिमीटरपासून सुरुवात करा. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी आणि रात्री झोपताना बॅटरी मोजा, वहीत लिहा. पंधरा दिवसांत तुमच्या संचाचा स्वभाव कळेल. दुसरी पायरी म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवणारं तयार डिजिटल मीटर, साधारण तीन-चारशे रुपयांचं. मुलांना गोडी लागली की आर्डुइनो. सुट्टीत मोबाईलवर गेम खेळण्यापेक्षा हा खेळ बरा.

पण काही पथ्यं पाळाच. बॅटरीजवळ काम करताना हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, मंगळसूत्र आत खोचा. बांगडी दोन खुंट्यांना एकदम लागली तर क्षणात तापून लाल होते, हात भाजतो. बॅटरीच्या अधिक टोकाजवळच फ्यूज हवा. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ उदबत्ती, निरांजन, काडी काही नको आणि खोली हवेशीर हवी. आतलं पाणी कमी झालं तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही. संच जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल, शेवटी दिवे. काढताना उलट्या क्रमाने. सेन्सर जोडायचा तोही पॅनलवर जाड चादर टाकून किंवा ऊन मावळल्यावर.

आणि हे सगळं बारा व्होल्टच्या छोट्या संचापुरतंच बरं का! योजनेतून घरावर जे मोठे, महावितरणला जोडलेले संच बसतात, त्यांच्या वायरींमध्ये शेकडो व्होल्ट असतात. तिथे डबा उघडायचा नाही, वायरीला हात लावायचा नाही. तिथे मोजायचं काम इन्व्हर्टर स्वतःच करतो. त्याच्या पडद्यावर किंवा मोबाईलवर आज किती युनिट झाले ते दिसतं. नेट मीटरवर आपण किती वीज दिली आणि किती घेतली, हेही असतं. तेवढं महिन्याच्या एक तारखेला लिहून ठेवा आणि बिलाशी ताडून बघा. युनिट अचानक घटले तर आधी धूळ आणि सावली बघा, मग कंपनीच्या माणसाला बोलवा.

एक गोष्ट बायकांना नेहमी नवल वाटते, तीही सांगते. मे महिन्यात ऊन जास्त, म्हणून वीज सगळ्यात जास्त, असं सरळ गणित नसतं. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पंचवीस अंशांच्या पुढे एकेका अंशाला साधारण ०.४ टक्के ताकद घटते. आपल्या भर मे महिन्यात पॅनल साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापतं, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या आसपास गेलेच. म्हणून पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळायला वीतभर जागा ठेवावी. आणि पुसायचं ते सकाळी लवकर, गार असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.

आमच्या अभ्यासिकेतली वही आता दुसरी चालू आहे. पावसाळ्यात ढगाळ दिवस सलग आले की मुली स्वतःच पंखा बंद ठेवतात, कारण आज हंडा अर्धाच भरलाय हे त्यांना दुपारीच कळलेलं असतं. परवा दुसऱ्या गावच्या गटाने विचारलं, "आमची बी बॅटरी गेली म्हणते मिस्त्री, तुमच्या पोरी येतील का पाहाले?" त्या दोघी आणि आमच्या अभ्यासिकेतल्या तिघी मल्टिमीटर पिशवीत टाकून येत्या रविवारी जाणार आहेत. तुमच्याकडे कुणी "बॅटरी गेली" म्हणून सांगायला आलं, तर त्याला चहा द्या आणि एवढंच विचारा, "किती व्होल्ट दाखवते, आणि कुठे मोजलं भाऊ?"